पाठीला हुंकार

ताडकळसच्या बाजारात त्या दिवशी कासाला तिची नेहमीची जागा मिळाली नाही.

वाडीवरून निघाली तेव्हाच भुरभुर लागली होती. डोक्यावर सहा घोंगड्या. लोकर भिजली की दुप्पट जड होते, म्हणून वाटेत दोनदा तिला बाभळीखाली थांबावं लागलं. ती बाजारात पोचली तोवर पारासमोरच्या मोकळ्या जागेत कुणीतरी पिंपांवर फळ्या टाकून उंच मंच केला होता.

"परभणीहून बाजा आलाय," बांगड्यांची सुमनबाई म्हणाली. "आज तिथं बसू देईनात. तू मागं जा, चिंचंखाली. गिऱ्हाईक मात्र तिकडं फिरकायचं न्हाई."

कासा मागं गेली. चिंचेच्या बुंध्याला टेकून तिनं घोंगड्या मांडल्या, कमरेची टकळी काढली आणि सूत कातत बसली. समोर मंच होता, पण मंचावरच्या माणसांच्या नुसत्या पाठी दिसत होत्या. तेरा पाठी. त्यांच्यापलीकडं सगळा बाजार.

सन सत्तावन्नचा भाद्रपद होता तो. मराठवाडा मुंबई राज्यात आल्याला वर्ष भरत आलं होतं. परभणीच्या काही हौशी मंडळींनी समिती करून एक वाद्यवृंद उभा केला होता. मोठ्या शहरांत अशा वृंदात साठ-सत्तर वाजवणारे असतात. परभणीच्या वृंदात तेरा होते. पाच जण हैदराबादच्या फौजेचा बँड मोडला तेव्हा रिकामे झालेले, चार लग्नाच्या बँडातले, आणि बाकीचे शाळामास्तर आणि कारकून. कुणाकडं व्हायोलिन, कुणाकडं क्लॅरिनेट, एकाकडं माणसाएवढं मोठं व्हायोलिन, ते मांडीशी उभं धरून वाजवायचं.

मग चौदावा माणूस मंचावर आला. त्याच्या हातात काहीच वाद्य नव्हतं, फक्त एक पांढरी काडी. त्यानं बाजाराला नमस्कार केला, वळला, बाजाराकडं पाठ केली आणि काडी उचलली.

कासाच्या हातातली टकळी फिरायची थांबली.

आख्ख्या बाजाराला त्याची पाठ दिसत होती. त्याचं तोंड दिसत होतं ते फक्त तेरा वाजवणाऱ्यांना, आणि त्यांच्या खांद्यांमधून... तिला.

आणि काय तोंड होतं ते. देखणं म्हणावं तर तसं काही नाही, नाक जरा मोठंच. पण सूर खाली उतरले की त्याच्या भुवया खाली यायच्या, सूर वर चढले की तोही टाचा उचलायचा. एखादा चुकला तर रागवायचा नाही, नुसता डोळ्यांनी हसायचा, आणि चुकणारा सावरायचा. कासानं माणसाचं इतकं उघडं तोंड कधी पाहिलं नव्हतं. घरात माणसं रडतात तेव्हासुद्धा पदर आड येतो.

सूर चढत चढत कड्यावर यावेत तसे आले आणि थांबले. तेराही जण श्वास धरून. काडी हवेत. आणि त्या रिकाम्या जागेत कासाच्या तोंडून, तिलाच न कळता, निघून गेलं —

"हूं."

त्यानं दचकून पाहिलं. सरळ तिच्याकडं. काडी हातातून सुटली, मोठ्या व्हायोलिनवाल्याच्या टकलावरून उडाली आणि मंचामागं, कासाच्या काळ्या घोंगडीवर येऊन पडली. उरलेलं सगळं त्यानं बोटानंच सांभाळलं.

शेवटचा सूर थांबला तेव्हा त्यानं वळून बाजाराला नमस्कार केला. पण समोर चार-दोन माणसं उरली होती, आणि तीही भुरभुर लागते म्हणून छपराखाली उभी असलेली.

थोड्या वेळानं तो चिंचेखाली आला.

"माझी काडी..."

"ही का? मला वाटलं, चिंचंची वाळकी काटकी पडली," कासा म्हणाली आणि काडी पुढं केली. "लय हलकी हाय."

"गाणं चालू असताना तुम्ही मध्ये बोललात."

"मी कुठं बोलले? हुंकार दिला."

"आमच्या कायद्यात ऐकणाऱ्यांनी गप बसायचं असतं."

"तुमच्या गावचा असंल तो कायदा. आमच्याकडं ऐकणाऱ्यानं हुंकार न्हाई दिला तर गाणारा थांबतो. त्याला वाटतं, माणसं उठून गेली."

तो मंचाकडं बघत राहिला. मग म्हणाला, "ती तर गेलीच. हे चौथं गाव. मूग काढायचा सोडून माणसं येतात, आणि दुसरं गाणं संपायच्या आत निघून जातात. आमचं चुकतंय काय, तेच समजेना."

कासानं टकळीला एक फेरा दिला. सांगावं की न सांगावं...

"सांगू? राग न्हाई ना यायचा?"

"सांगा."

"तुमी पाठ करून उभा राहिलाव."

"म्हणजे?"

"म्हंजे काय, म्हंजे पाठ. घरी पाव्हणा आला अन् भिंतीकडं तोंड करून बसला तर तुमी त्याला दुसऱ्यांदा बोलवाल का? लिंबाजी काका पहिल्यांदा उठले. गावात त्यांचा मान हाय. ते उठले, मग सगळे उठले."

"पण मला वाजवणाऱ्यांकडं बघावं लागतं. कुणी कधी यायचं, कुणी कधी थांबायचं, ते मीच सांगतो. शिवाय गाणं कानानं ऐकतात. पाठ काय आणि तोंड काय..."

"असं कसं? ऐकणाऱ्याला हुंकार द्यायचा असतो. पाठीला हुंकार कसा द्यायचा?"

तो हसायला गेला, पण हसू अर्ध्यातच राहिलं. काडी बोटांत फिरवत तो उभा राहिला.

"म्हंजे तुमी मेंढके," कासा म्हणाली, जरा त्याचं मन वळावं म्हणून. "तेरा मेंढरं वळणारे. फकस्त काठी लय बारीक हाय. नाव काय तुमचं?"

"बन्सीधर."

"नाव बन्सीधर, अन् बन्सी न्हाई. हातात काडी."

आता मात्र तो मोकळा हसला. आणि कासाला वाटलं, हे हसू मघाचंच, सूर सावरणाऱ्याला दिलेलं. आता फक्त तिच्यासाठी.

जाताना त्यानं आणखी एक सांगितलं. समितीनं ठरवून दिलं होतं. दसऱ्याच्या आत एका तरी गावानं दुसऱ्यांदा बोलावलं, तर वृंद राहील. नाहीतर वाद्यं परत, माणसं आपापल्या घरी. आणि तो सिकंदराबादला, एका शाळेत मुलांना व्हायोलिन शिकवायला.

"दसऱ्याला किती दिवस हायेत?" कासानं विचारलं.

"एक महिना."

तिनं मान खाली घातली. सूत तुटलं होतं. ते जोडताना बोटं उगाच चुकत होती.

*

नऊ-दहा दिवसांनी दुपारी बन्सीधर वाडीवर हजर.

"घोंगडी घ्यायला आलो," तो म्हणाला.

"परभणीत घोंगड्या मिळंनात का?" कासा म्हणाली.

"मिळतात. पण त्यांच्यासोबत कायदा शिकवणारं कुणी मिळत नाही."

कासाचे वडील धोंडीबा वाघुरापाशी बसून एका मेंढीच्या खुरातला काटा काढत होते. वाघूर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी. धोंडीबांचा आवाज पंचक्रोशीत प्रसिद्ध. बिरोबाच्या ओव्या गाव्यात तर त्यांनीच. लेकीनं सांगितलं की हे पाव्हणं ओवी ऐकायला आलेत. धोंडीबांनी काटा काढला, हात धुतले, आणि गायला बसले. चुलते, भाऊबंद, दोन-चार बायका भोवती गोळा झाल्या.

हरवलेल्या मेंढीची ओवी होती ती. देव तिला माळोमाळ शोधतो. धोंडीबा एक कडवं लांबवायचे, सोडायचे, आणि भोवतीची माणसं म्हणायची, "हूं". की पुढचं कडवं.

बन्सीधर हात जोडून, डोळे मिटून, अगदी स्तब्ध बसला होता. त्याच्या लेखी यापेक्षा मोठा आदर नव्हता.

धोंडीबा मध्येच थांबले. "कासे, पाव्हणं झोपलं का गं?"

सगळे हसले. बन्सीधर कानापर्यंत लाल झाला.

"झोपलो नाही, बाबा. ऐकायलोय."

"मग ते आमाला कळावं कसं? ऐकणारा ऐकायलाय का न्हाई, हे मी त्याच्या तोंडावरून वळखू? तुमचं तोंड तर देवळातल्या दगडावानी. हूं म्हणा की."

पुढचं कडवं आलं. बन्सीधरनं सगळा जीव एकवटून म्हटलं, "हूं." पण धोंडीबांचा शब्द अजून पुरता झालेला नव्हता. सूर अडखळला आणि एक म्हातारी खुदकन हसली.

"आवो, घास तोंडात असताना पाणी पाजायलात तुमी," कासा म्हणाली. ती त्याच्या शेजारी, हातभर अंतर ठेवून बसली होती. "घाई न्हाई करायची. गाणाऱ्याच्या खांद्याकडं बघा. खांदा खाली आला, की श्वास सुटला. तिथं."

"खांद्याकडं..."

"हं. आता. न्हाई... थांबा... आता."

"हूं."

"आत्ता बरोबर."

तेरा माणसांना कधी यायचं, कधी थांबायचं हे शिकवणारा माणूस त्या दुपारी एका अक्षराची जागा शिकत होता. पाच-सहा वेळा चुकला. सातव्यांदा चुकला नाही. त्यापुढं चुकलाच नाही. शेवटी मेंढी सापडली तेव्हा त्याचा हुंकार सगळ्यांत आधी आला, आणि आवाज जरा भरून आल्यासारखा होता.

"कुणाचं तुमी?" धोंडीबांनी विचारलं.

"वडील फौजेत होते हैदराबादला. आजोबा इकडचेच, बोरीकडचे. बिरू नाव. मेंढरं होती त्यांच्याकडं, असं वडील सांगायचे."

"मग तू पाव्हणा कशाचा? आपलाच हायस," धोंडीबा म्हणाले. "हुंकार तेवढा इसरून आलेला."

वाडीच्या टोकापर्यंत कासा त्याला वाट दाखवायला गेली. वाट एकच होती, सरळ गाडीरस्त्याला जाणारी. तरी गेली.

"मला एक गोष्ट सांगायची आहे," बन्सीधर म्हणाला. "तुम्हाला."

कासा पायाच्या अंगठ्यानं मातीत रेघ ओढत उभी राहिली.

"पण हुंकार आल्याशिवाय पुढं सांगता येत नाही. तुमच्याच गावचा कायदा."

तिनं हुंकार दिला नाही. दसऱ्याला तीन आठवडे उरले होते. सिकंदराबादला निघालेल्या माणसाला हूं म्हणून काय करायचं... गोष्ट मध्येच तुटली, तर हुंकार द्यायला एकटं ऐकणारंच मागं उरतं.

तो थोडा वेळ थांबला. मग घोंगडी खांद्यावर टाकून गाडीरस्त्याला लागला. वळणावर त्यानं मागं पाहिलं. कासा तिथंच होती.

*

पुढच्या बाजारी मंच नव्हता, तरी कासा चिंचेखालीच बसली. बन्सीधर तिथं आला, तो उतरलेलं तोंड घेऊनच. सोबत म्हातारे गफूरमियाँ होते. फौजेच्या बँडात त्यांनी तीस वर्षं क्लॅरिनेट वाजवलेलं.

"बोरीला गेलो होतो," बन्सीधर खाली बसत म्हणाला. "पहिल्यांदाच बोलावलं होतं त्यांनी. तुमचं ऐकलं. लोकांकडं तोंड केलं."

"मग?"

"लोक खूश. शेवटपर्यंत बसले. मी हसलो की तेही हसायचे."

"मग तोंड का असं?"

उत्तर गफूरमियाँनी दिलं. "अरे बेटी, इने उधर मूँ किया, तो हमारी तरफ पीठ हो गई ना. मैं कहाँ, कॉर्नेट कहाँ, ढोल कहाँ. एक गाना, तेरह टुकडे." ते हसले, मग हसू हळूहळू विझलं. "मेरे को तो पीठ की आदत है. इन बरसों में बहुत पीठां देखे हम. लेकिन गाने में नक्को."

हैदराबाद संस्थान मोडलं तेव्हाची ती वर्षं सगळ्यांनाच ठाऊक होती. शेजारी शेजाऱ्याकडं पाठ करून बसायला शिकला होता त्या वर्षांत. अजून सगळे वळले नव्हते.

"लोकांकडं तोंड करावं तर वाजवणाऱ्यांकडं पाठ," बन्सीधर म्हणाला. "वाजवणाऱ्यांकडं करावं तर लोकांकडं. माणसाला दोन तोंडं असती तर बरं झालं असतं."

"एकच बास हाय," कासा पुटपुटली.

गफूरमियाँ उगाच घोंगड्यांची लोकर चाचपत चार पावलं पलीकडं सरकले.

कासानं टकळी मांडीवर ठेवली. तिला उपाय माहीत होता. पहिल्या दिवसापासून माहीत होता. फक्त सांगवत नव्हता. कारण जगात एक जागा अशी होती जिथून ते तोंड दिसायचं, आणि ती जागा तिची होती. चिंचेच्या बुंध्यापाशी, सहा घोंगड्यांच्या मागं. तिथून तिनं जे पाहिलं ते आख्ख्या ताडकळसात कुणी पाहिलं नव्हतं. ते सांगायचं म्हणजे आपल्या हातानं ते बाजारात मांडायचं.

पण नाही सांगितलं तर तो जाणार. मग ते तोंड सिकंदराबादची पोरं पाहतील.

तेवढ्यासाठीच नाही. तिला लिंबाजी काका आठवले, पहिल्या गाण्यातच ताडकन उठून गेलेले. त्यांनी ते तोंड पाहिलं असतं तर ते उठले असते का? चांगलं ते आपण एकट्यानं ऐकायचं आणि दुसऱ्याला राग घेऊन घरी जाऊ द्यायचं, हे काही बरोबर नाही...

"मी काय म्हंते," ती हळूच म्हणाली, "त्या दिवशी मी कशी बसले शेवटपर्यंत?"

"तुम्हाला गाणं आवडलं म्हणून."

"गाणं मग आवडलं. आधी तोंड दिसलं. मी मागं बसले होते, वाजवणाऱ्यांच्या पाठीशी. तुमचं तोंड त्यांच्याकडं, म्हंजे माझ्याकडंबी."

बन्सीधरनं मान वर केली.

"मी बसले होते तिथं गावाला बसवा," कासा म्हणाली. "फळ्या-बिळ्या नगं. भुईवरच वाजवा. अन् माणसं वाजवणाऱ्यांच्या मागं. मग दोघांकडं एकच तोंड पुरतं."

गफूरमियाँ पलीकडून म्हणाले, "या अल्ला, तीस बरस बजाया, ये बात किसी को नई सूझी."

बन्सीधरनं मात्र चिंचेच्या बुंध्याकडं पाहिलं. "आणि तुम्ही? तुमची जागा?"

"बघू," कासा म्हणाली, आणि टकळी उचलली.

*

उपाय मिळाला, पण बोलावणार कोण? कुठल्याही गावानं अजून दुसऱ्यांदा बोलावलं नव्हतं. कासा स्वतःच लिंबाजी काकांच्या ओसरीवर गेली. सोबत धोंडीबा होते, पण त्यांनी आधीच सांगितलं होतं, "बोलायचं तूच. मी हूं तेवढं म्हणंन."

"त्या काडीवाल्याला?" लिंबाजी काका म्हणाले. "एकदा पाठ दाखवून गेला. आता पुन्हा बोलावून काय बघायचं, त्याचा सदरा?"

"तोंड बघायचं, काका. मी पाहिलंय."

"असं? अन् कसं हाय?"

ती लाजली. पण मागं हटली नाही. "तुमीच बघा. माझी घोंगडी टाकते तुमच्यासाठी, पहिल्या रांगंत. उठावं वाटलं तर उठा. पण एकदा तिथं बसून बघा, जिथं मी बसले होते."

"हूं," धोंडीबा म्हणाले.

लिंबाजी काकांनी एकदा लेकीकडं पाहिलं, एकदा बापाकडं. पानाचा डबा बंद केला. "दसऱ्याच्या आदल्या दिवशी या म्हणावं. पण पाठ दिसली, तर मी घोंगडी घेऊन उठंन."

*

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुपारनंतर ऊन पडलं. हस्ताच्या पावसानं धुतलेली चिंच चमकत होती. तिच्याखाली जमिनीवर तेरा वाजवणारे अर्धगोल करून बसले. त्यांच्या मागं, घोंगड्यांवर, पोत्यांवर, गाड्यांच्या दांड्यांवर सगळं ताडकळस. वाडीवरची माणसंही आली होती. पहिल्या रांगेत कासाच्या काळ्या घोंगडीवर लिंबाजी काका, मांडी घट्ट घालून, उठायच्या तयारीत.

बन्सीधर आला आणि सगळ्यांसमोर उभा राहिला. त्यानं आधी एकेका वाद्याची ओळख करून दिली, नव्या सुनेची करून द्यावी तशी. हे क्लॅरिनेट, हे गफूरमियाँ. हे मोठं व्हायोलिन, याचा आवाज म्हाताऱ्या माणसासारखा, सावकाश बोलणारा. मग म्हणाला, "आजच्या गाण्यात काही जागा मी रिकाम्या ठेवल्या आहेत. तिथं मी कुणालाच वाजवायला दिलं नाही. त्या जागा तुमच्या. माझा खांदा खाली आला की तुम्ही हुंकार द्यायचा. न दिला तर आम्ही थांबणार."

काडी वर गेली.

सूर निघाले तसे लोकांचे चेहरे त्याच्या चेहऱ्यामागं चालू लागले. भुवया खाली, भुवया वर. पहिली रिकामी जागा आली. त्याचा खांदा उतरला. क्षणभर काहीच नाही... मग लिंबाजी काकांच्या छातीतून असा दणदणीत हूं आला की पाठीमागच्या बैलानं मान उचलली. सगळे हसले, वाजवणारेही. दुसऱ्या जागेला निम्मं गाव होतं. तिसऱ्या जागेला सगळं. शे-दीडशे माणसांचा हूं जमिनीतून आल्यासारखा यायचा आणि त्यावर गफूरमियाँचं क्लॅरिनेट असं उठायचं की त्यांनी तीस वर्षांत कधी तसं वाजवलं नसेल.

उठलं कुणीच नाही.

आणि कासा?

तिच्या जागी आता गाव बसलं होतं. सहाही घोंगड्या तिनं लोकांना अंथरून दिल्या होत्या. ती पलीकडं होती, रिकाम्या बाजूला, पारापाशी, एकटी. तिथून तिला सगळ्यांची तोंडं दिसत होती. लिंबाजी काकांचं, बाबांचं, सुमनबाईचं. फक्त एक दिसत नव्हतं. त्याची तिला पाठ दिसत होती.

तिनं स्वतःला समजावलं, एवढी तोंडं खुलली, एक नाही दिसलं तर काय बिघडलं. आणि तरी डोळे भरून आले. पाठीवरच्या सदऱ्याला एक ठिगळ होतं, बारीक टाक्यांचं. ते तिनं आज पहिल्यांदा पाहिलं.

शेवटचं गाणं चढत चढत कड्यावर आलं आणि थांबलं. तीच जागा. पहिल्या दिवसाची.

गाव हुंकाराला श्वास घेऊन तयार. पण बन्सीधरचा खांदा उतरेना. काडी तशीच हवेत. आणि मग, सगळ्या गावादेखत, तो सावकाश वळला. तेरा वाजवणाऱ्यांकडं पाठ. ताडकळसाकडं पाठ. लिंबाजी काकांकडं पाठ.

तोंड पाराकडं.

"आँ? केली का पुन्हा पाठ," लिंबाजी काका म्हणाले आणि घोंगडीवरून अर्धे उठले. मग त्यांनी तो कुठं बघतोय ते पाहिलं. त्याच्या नजरेच्या दुसऱ्या टोकाला कोण उभं आहे तेही पाहिलं. आणि गुपचूप खाली बसले.

कासाला ते तोंड दिसलं. तेच, उघडं. भुवया किंचित वर, काहीतरी विचारणाऱ्या. वाडीच्या टोकाला अर्धी राहिलेली गोष्ट त्या तोंडावर जशीच्या तशी थांबलेली होती. ओठ हलले नाहीत. फक्त त्याचा खांदा, तिनंच शिकवल्यासारखा, हळूच खाली आला.

तेरा माणसं श्वास धरून. चिंचेचं एक पान गिरक्या घेत खाली. गाव गप. एवढं गप की ते ताडकळस वाटेना.

बाबांकडं बघायचं तिला धाडस झालं नाही. तिनं पदर सावरला. आवाज निघेल की नाही याची तिला खात्री नव्हती. पण जागा हीच होती. घाई नाही, उशीरही नाही.

"हूं," कासा म्हणाली.

हळूच म्हणाली. तरी शेवटच्या गाडीपर्यंत ऐकू गेलं.

बन्सीधरच्या डोळ्यांत ते हसू आलं, सावरणाऱ्याचं. पण तो वळेचना. काडी वर, तेरा वाजवणारे ताटकळलेले, आणि तो नुसता बघत उभा. कुणाला तरी त्याला सांगणं भाग होतं. पहिल्या रांगेत लिंबाजी काकांच्या शेजारी बसलेल्या धोंडीबांनी घसा साफ केला.

"हुंकार आला, पोरा," ते म्हणाले. "आता पुढं चालू दे."